फख्रीचा आग्रह आणि दारचीनची पाठ

शिराझच्या त्या गल्लीत फख्री खानमच्या, म्हणजे फख्रीबाईंच्या, घरून कोणी उपाशी उठलं, असं कधी घडलं नव्हतं. पोटभर जेवून आलेला माणूसही तिच्याकडून पुन्हा जेवून उठे. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस रमजानात एकदा "रोजा आहे, खानम" म्हणाला, तेव्हा तिने त्याला संध्याकाळसाठी डबा बांधून दिला आणि रिकामा डबा परत द्यायला आला तेव्हा पुन्हा भरून दिला. तिचा नवरा नोसरत म्हणायचा, "हिच्या दारावरून जाताना चोरसुद्धा चवड्यांवर चालतात. पकडले जाऊ म्हणून नव्हे, ही जेवायला बसवेल म्हणून."

फख्री मूळची काझेरूनची. पाहुण्याचं 'नको' कसं ऐकायचं हे तिला आईनं शिकवलं होतं. पहिलं नको लाजेचं, दुसरं वळणाचं, तिसरं नुसतं तोंडातलं. त्यापुढे जे निघेल ते खरं. आणि त्यापुढे बहुतेक वेळा 'बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर' हेच निघतं. देणाऱ्यानं मागे लागायचं, घेणाऱ्यानं मागे सरायचं, हा तारोफ तिकडे लहान मूलही जाणतं. फख्रीच्या अंगी मात्र त्यात पहिलवानाचा कस होता. साठी उलटली तरी तिला कोणी हरवलं नव्हतं.

तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर तूरान खानम राहायची. मुलींच्या शाळेत भरतकाम शिकवून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, मुलगा दूर बंदरावर नोकरीला. बोटं संधिवातानं आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी झालेली. बोलणं मात्र रेशमी. तिनं कधी कोणाला दुखवलं नाही आणि कधी कोणाला काही स्पष्टही सांगितलं नाही. घरात ती आणि दारचीन. दारचीन म्हणजे दालचिनीच्या रंगाची मांजर. नवऱ्याच्या चाळिसाव्याच्या दिवशी ती अंगणातल्या नारंजाच्या, कडू संत्र्याच्या, झाडाखाली ओरडत बसली होती, ती तूरान खानमनं ओच्यात घालून वर आणली. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या वेळेनं उठत, एकमेकींच्या वेळेनं जेवत.

नवरोज आठवड्यावर आला होता. साऱ्या गल्लीत घरं झटकणं चाललं होतं. पडदे दोऱ्यांवर, गाद्या कठड्यांवर, आणि अंगणाअंगणांत गालिचे धुण्याचा धपधप आवाज. फख्रीचं सगळं आवरलं होतं. हात रिकामे झाले की तिला चैन पडत नसे. ती पदर खोचल्यासारखी चादर कमरेला बांधून वर गेली.

"तूरान खानम, तुमचा गालिचा द्या. आमच्याबरोबर धुऊन टाकते."

तूरान खानम खिडकीच्या काचा पुसत होती. तिचा लग्नातला लाल काश्काई विणीचा गालिचा दुहेरी घडी घालून सज्जातल्या उन्हात ठेवलेला होता.

"अय्या, नको हो. तुम्ही आधीच दमलात."

"मी? दमायला काय झालं मला?"

"नको, खरंच, राहू दे. उद्या बघू. या, बसा, चहा टाकते."

"तुमच्या गुडघ्यांनी तो जिन्यावरून उतरायचा का? लोक काय म्हणतील, खालच्या मजल्यावर फख्री मेली का?"

"जीव ओवाळून टाकते तुमच्यावरून! आज राहू देच, फख्री खानम…"

तीन नको झाली. फख्री हसली, तूरान खानमला खांद्याला धरून तिनं खुर्चीत बसवलं आणि सज्जात गेली. असले गालिचे जिन्यावरून कोणी नेत नाही, वरून खाली अंगणात टाकतात. तिनं कठड्यावरून वाकून हाक दिली, "खाली कोणी आहे का? बाजूला व्हा!" खालून शेजारची एफ्फत खानम ओरडली, "टाका, टाका, मोकळं आहे!" फख्रीनं घडी तशीच उचलून कठड्यावर टेकवली. नेहमीपेक्षा जड लागली, तेव्हा वाटलं, जुनी लोकर, धूळ बसली असेल. मग तिनं ढकलून दिली.

खालच्यांना तिनं सावध केलं होतं. आत झोपलेलीला केलं नव्हतं.

गालिचा हौदाच्या दगडी काठावर आपटला, तेव्हा त्यातून जो आवाज आला तो लोकरीचा नव्हता. फख्री जिना कशी उतरली हे तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवलं, की घडी उलगडली तेव्हा दारचीन पुढच्या दोन पायांवर उठायचा प्रयत्न करत होती आणि मागची अर्धी मांजर कोणी दुसऱ्याचीच असल्यासारखी पडून होती.

एफ्फत खानम तोवर पाठ फिरवून फाटकापाशी गेली होती. तिनं वळून पाहिलं ते एवढंच, की मांजर पडली आहे. वरून तूरान खानम भिंत धरत उतरली. ती ओरडली नाही. तिनं पोळ्या लाटायचा पाट आणायला सांगितला, त्यावर मांजरीला सरकवलं, आणि टॅक्सीत तो पाट मांडीवर घेऊन बसली. फख्री शेजारी. सगळा रस्ता दारचीन फख्रीकडे बघत होती, आणि फख्री टॅक्सीवाल्याच्या मानेकडे.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. चिमट्यानं त्यांनी मागच्या पंजाचं बोट जोरात दाबलं, तशी दारचीननं मान वळवून गुरगुर केली.

"हे चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखतंय म्हणजे कण्यातली दोरी पूर्ण तुटलेली नाही. मणका मोडलाय, तो मज्जारज्जूवर बसलाय. उघडून, पट्टी आणि स्क्रू लावून सरळ करावा लागेल. चालेल की नाही, आत्ता सांगत नाही. कशी पडली?"

फख्रीनं तोंड उघडलं. पण तूरान खानम आधी बोलली, अगदी सहज, "सज्जातून. पाखरामागे उडी घेतली हो. खट्याळ आहे भारी."

फख्रीनं तोंड मिटलं. पुढे कित्येक दिवस तिला छळलं ते हेच, की त्या क्षणी तिला हायसं वाटलं. दुसऱ्याच्या मांजरीचा कणा मोडून ती बाकावर बसली होती, आणि तिला हायसं वाटलं!

शस्त्रक्रिया झाली. पाठ भादरून, मधोमध टाक्यांची काळी ओळ घेऊन दारचीन घरी आली. महिनाभर तरी पिंजऱ्यात ठेवा, उडी नाही, धावणं नाही, पट्टी हलली तर सगळं फुकट, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. शिवाय लघवी तिला आपली आपण होत नव्हती. दिवसातून तीन वेळा पोटावर दाबून काढायची होती. तूरान खानमनं करून पाहिलं, पण तिची बोटं मिटेनात.

"मी करते," फख्री म्हणाली.

"कणीक मळता ना? तेवढा जोर नको," डॉक्टरीणबाई तिचा हात धरून शिकवू लागल्या. "बाजारात अंजीर पिकलंय का बघताना दाबता, तेवढाच."

तेव्हापासून फख्री सकाळी नोसरतच्या चहाआधी वर, दुपारी वर, सांजेला वर. मांजरीला टॉवेलवर घ्यायचं, पोटात लघवीच्या पिशवीची ती फुगलेली गोळी चाचपायची, हळूच दाबायचं, पुसायचं. मग मागचे पाय एकेक करून सायकल चालवल्यासारखे फिरवायचे. दारचीननं तिला एकदाही नखं मारली नाहीत. ओरबाडलं असतं तर बरं झालं असतं, असं फख्रीला वाटे. उलट दाबून झालं, पोट हलकं झालं, की ती तिच्या मनगटावर हनुवटी ठेवून घुरघुरायला लागायची. ज्या हातांनी ढकललं, त्याच हातांवर. फख्री खिडकीकडे तोंड करून बसायची.

नवरोजच्या भेटीगाठी सुरू झाल्या. तूरान खानमकडे माणसं येऊ लागली. सुकामेवा, गोड बिस्किटं, आणि पिंजऱ्याभोवती गर्दी.

"उडी मारली म्हणे?" एफ्फत खानम विचारी, जसं काही तिनं आधी विचारलंच नव्हतं.

"पाखरामागे," तूरान खानम सांगे.

"आणि ही फख्री खानम! अहो, सख्खी बहीण करणार नाही हो. मांजरीची लघवी! मी तर नवऱ्याचीसुद्धा काढली नसती."

"तुमच्या नवऱ्यानं काढू दिली नसती," नोसरत म्हणाला आणि सगळ्या हसल्या.

"स्वर्गात जागा आहे तुमची, फख्री खानम."

फख्री चहा ओतत होती. पेला भरून बशीत सांडला तरी तिच्या लक्षात आलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे तर सारी गल्ली त्या चांदण्यात तिला हार घालत होती.

घरी आल्यावर नोसरत म्हणाला, "मग सांगून टाक की सगळ्यांना."

"सांगून काय सांगू? झाकलंय तिनं. मी उघडलं तर ती खोटी पडते. तिची अब्रू घालवू?"

"मग तिची माफी माग."

"मागितली. दोनदा."

"मग?"

"काय म्हणावं तिनं? 'काय बोलताय, फख्री खानम, तुमच्यासारखी शेजारीण मिळायला पुण्य लागतं. हात दुखू नयेत तुमचे.' आता सांग, हे खरं की तोंडचं?"

नोसरतनं खांदे उडवले. "तूच उस्ताद आहेस त्यातली."

तेच तर होतं. आयुष्यभर लोकांच्या 'नको'तून 'हो' काढत आलेल्या बाईला आता एक साधा 'असू दे' वाचता येत नव्हता. तिला कोणी तरी शिवी द्यायला हवी होती. ती रोज वर जाताना जिन्यात मनात म्हणे, आज बोलेल, आज तरी बोलेल. आणि वर दार उघडलं की, "या या, जीव ओवाळून टाकते तुमच्यावरून." तिला वाटे, तो गालिचा अजूनही पडतोच आहे, कोणी तो जमिनीला लागूच देत नाही.

मग ती आणखी करायला लागली. सूप, खिमटी, तूरान खानमच्या खिडक्या, तूरान खानमची औषधं. जितकं करावं तितकं तूरान खानमचं बोलणं आणखी गोड होई आणि नजर आणखी दूर जाई.

नारंजाला मोहोर आला. खिडकीतून तो वास आत येऊ लागला तशी दारचीन अस्वस्थ झाली. मागचा डावा पाय थोडा हलू लागला होता, शेपटीच्या टोकाला वळवळ आली होती. पण अजून आठवडे बाकी होते. एके दिवशी तूरान खानम भाकर आणायला गेली होती. फख्री एकटी होती. पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर उन्हाचा एक चौकोन पडला होता. दारचीन जाळीतून पंजा काढून त्याच्याकडे बघत रडत होती. मांजरीचं रडणं नाही, लहान मुलासारखं, थांबून थांबून.

"नाही गं बाई," फख्री म्हणाली. "डॉक्टरीणबाई रागावतील."

मांजर रडतच राहिली. फख्रीनं कानांवर हात ठेवून पाहिले. मग तिला वाटलं, एवढं सारं हिचं मी हिरावून घेतलं आणि आता ऊनसुद्धा देऊ नये? नुसतं त्या चौकोनात ठेवायचं, हातानं धरून. तिनं दार उघडलं.

दारचीन क्षणभर उन्हात बसली. तेवढ्यात बाहेर कठड्यावर एक होला येऊन बसला आणि फख्रीच्या हातातून ती सुटली. पुढच्या पायांनी फरशीवरून खेचत, मागचं अंग ओढत, लोडावर चढायला गेली, अर्धी चढली आणि पाठीवर पडली. किंकाळीसारखा आवाज केला.

तूरान खानम दारात उभी होती. भाकरी हातातून कधी खाली पडली ते तिलाच कळलं नाही.

"बाई, तू ऐकत का नाहीस?"

 हे 'तू' फख्रीनं तूरान खानमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"कोणाचं म्हणून ऐकत नाहीस! मी नको म्हटलं होतं त्या दिवशी! तीनदा म्हटलं. आज राहू दे म्हटलं. तू मला खुर्चीत दाबून बसवलंस, मला, माझ्या घरात! माझी मांजर उचललीस आणि फेकलीस. आता वाचली तर तुला ती पुन्हा मोडायची आहे? काय हवंय तुला? सगळ्यांनी वाहवा करायला हवी? जा. खाली जा. नको मला तुझं सूप!"

फख्री खाली गेली. जिन्यात तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि छातीवरचं ओझं थोडं उतरलं होतं. ते उतरलं म्हणूनच तिला पुन्हा स्वतःची किळस आली. आता तर मांजरीची पट्टी हलली असेल. शिवी खायला मिळाली, ती दुसऱ्यांदा गुन्हा करून!

खिडकीतून तिनं पाहिलं, तूरान खानम पिंजरा टॅक्सीत ठेवत होती. वाकड्या बोटांनी, एकटी. फख्रीनं नोसरतला पिटाळलं. "तू जा. मला नको म्हणेल. तुला नको म्हणणार नाही." नोसरत आयुष्यात पहिल्यांदा धावला.

दुपारभर फख्री स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिनं काहीही शिजवलं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

नोसरत परतला तेव्हा त्याचा चेहराच आधी वाचायचा तिनं प्रयत्न केला.

"पट्टी जागेवर आहे," तो म्हणाला. "स्क्रूही. मार लागलाय, सूज आहे. डॉक्टरीणबाईंनी तूरान खानमला झापलं, दार कोणी उघडलं म्हणून."

"मग? काय सांगितलं तिनं?"

"म्हणाली, 'शेजारणीनं. तिला अक्कल नाही.'"

फख्री मटकन खुर्चीवर बसली. "असं म्हणाली?"

"शब्दाला शब्द. तू खूश का होतेस?"

त्या सांजेला फख्री वर गेली नाही. जायची वेळ झाली, वेळ टळून गेली. तिला दारचीनच्या पोटातली ती फुगलेली गोळी दिसत राहिली. तूरान खानमच्या बोटांनी जमायचं नाही. कोणाला बोलावणार? एफ्फतला? एवढ्यात जिन्यातून वरून हाक आली. खानम नाही, जीव ओवाळणं नाही.

"फख्री! ये वर."

ती गेली. तूरान खानम पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसली होती, पाय पसरून. फख्रीनं काही न बोलता टॉवेल घेतला, दारचीनला उचललं, पोटाखाली बोटं नेली. चाचपलं. पुन्हा चाचपलं. पोट मऊ होतं, रिकामं.

"दाबलंत तुम्ही?"

"माझ्या बोटांनी? पिंजऱ्यात बघ."

कोपऱ्यातल्या ट्रेमधली वाळू ओली होती. एका बाजूला, वेडीवाकडी, अर्धी कडेवर सांडलेली. पण तिची तिनं केलेली.

फख्री रडायला लागली, मोठ्यानं, मांजर मांडीवर धरून.

"रडू नकोस," तूरान खानम म्हणाली. "माझा राग गेलेला नाही."

"नको जाऊ दे."

"जाईल तेव्हा जाईल. कदाचित नाहीही जाणार. मला ठाऊक नाही." तिनं सांडलेली वाळू तळव्यानं ट्रेकडे सारली. "तू समजतेस मी तुझी अब्रू झाकली. डॉक्टरकडे, एफ्फतकडे."

"झाकलीच की."

"माझी झाकली. मला माहीत होतं ती त्या घडीत झोपते. रोज झोपायची. 'मांजर आहे त्यात' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मनात आलं, ही कामाला आली आहे आणि मी मांजरीचं कारण सांगते, म्हणेल, म्हातारीला मांजरीपलीकडे काही नाही. त्या भिडेपायी नुसतं नको, राहू दे, उद्या बघू. तू सज्जात गेलीस तेव्हासुद्धा ओरडता आलं असतं मला. मी खुर्चीत बसून राहिले. वाटलं, उचलताना दिसेलच तिला."

फख्रीनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत ती आपलाच अपराध घेऊन या खोलीत यायची. इथे आणखी एक आहे, आणि तो रोज साखर घोळून तिच्यापुढे ठेवला जातोय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तरी टाकला मीच," ती म्हणाली.

"हो. टाकलास तूच." तूरान खानमनं ते तिच्याकडून काढून घेतलं नाही. फख्रीला त्याचं बरं वाटलं.

फख्रीनं दारचीनला पिंजऱ्यात ठेवलं तेव्हा तूरान खानम म्हणाली, "उद्यापासून दाबायला यायची गरज नाही तुला."

फख्रीनं टॉवेलची घडी अर्धवट सोडली. "नको येऊ?"

"दाबायला नको म्हटलं. पाय कोण फिरवणार? मी?"

दुसऱ्या दिवशी दोघींनी, 'आता रोज थोडा वेळ धरून उभी करा' असं सांगून डॉक्टरीणबाईंनी काल दाखवलं होतं त्याप्रमाणे, मांजरीच्या पोटाखालून टॉवेल घातला, एक टोक हिनं धरलं, एक तिनं, आणि उघड्या फरशीवर तिला उभी केली. दारचीन दारुड्यासारखी डुलली. डावा पाय पडला तो पंजा उलटा होऊन, पालथा. फख्रीनं वाकून तो सुलटा केला. पुन्हा उलटा पडला. पुन्हा सुलटा केला.

"एफ्फत दुपारी येणार आहे," तूरान खानम म्हणाली. "तुझी आरती ओवाळायला. काय सांगायचं तिला?"

"खरं."

"कोणाचं? तुझं की माझं?"

"आधी माझं सांगा. माझं मोठं आहे."

"बघू," तूरान खानम म्हणाली. "हळू. टॉवेल ओढू नकोस, तिला चालू दे."

फख्रीनं हात सैल सोडला. सोडायला तिला फार जड गेलं.